निवड, खार आणि काळाची कसोटी

‘नॅचरल सिलेक्शन’ या संज्ञेसाठी मराठीत ‘नैसर्गिक निवड’ हा प्रतिशब्द इतका स्थिरावला आहे की, तो प्रतिशब्द आहे याचाही विसर पडावा. शब्द सोपा आहे आणि पाठ्यपुस्तकांनी तो घरोघर पोचवला आहे. मात्र ‘निवडणे’ हे क्रियापद सकर्मक आहे आणि ते आपला कर्ता सोबत घेऊन येते. निवड म्हटली की निवडणारा आलाच. ‘नैसर्गिक’ हे विशेषण त्या रिकाम्या आसनावर निसर्गाला आणून बसवते. मग निसर्ग पारखतो, निसर्ग दुबळ्यांना बाद करतो, निसर्ग लायकांना पुढे नेतो, अशी वाक्ये आपोआप लिहिली जातात. जीवशास्त्राच्या वर्गापुरते हे चालून जाते. नीतीच्या आणि साहित्यविचाराच्या प्रांतात मात्र या एका क्रियापदाने बराच घोटाळा केला आहे.

मराठी स्वयंपाकघरात या क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे. तांदूळ निवडायला बसलेली बाई खडे, तूस आणि किडके दाणे वेचून टाकते. जे सुपात उरते त्याला निवडलेला तांदूळ म्हणतात. म्हणजे ज्याला हात लागला ते गेले आणि ज्याला हात लागला नाही ते ‘निवडले’ गेले. भाजी निवडणे हेही याच जातीचे. वर निवडणे, पुस्तक निवडणे, प्रतिनिधी निवडणे यांत जे हवे ते उचलले जाते. निवडून टाकणे आणि निवडून घेणे अशा दोन परस्परविरुद्ध क्रिया एकाच धातूत नांदत आहेत. डार्विनच्या संकल्पनेशी त्यांतली पहिली अधिक जवळची आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात नेमकी दुसरी उभी राहते. अर्थात पहिल्या क्रियेतही सूप घेऊन बसलेली बाई आहेच. तिला वजा करून नुसती चाळण कल्पिली पाहिजे. चाळणीला खड्याचा तिटकारा नसतो आणि दाण्याची ओढ नसते. भोकाचा व्यास आणि कणाचा आकार एवढाच तेथला व्यवहार.

ही अडचण केवळ भाषांतराची नाही; मूळ इंग्रजी शब्दानेही तीच निर्माण केली होती. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ 1859 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि वर्ष उलटण्याच्या आत, 1860 च्या सप्टेंबरात, डार्विनने भूशास्त्रज्ञ लायेल याला कळवले की, पुन्हा आरंभापासून लिहायचे झाले तर आपण ‘सिलेक्शन’ऐवजी ‘प्रिझर्व्हेशन’ हा शब्द योजू. 1861 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने या रूपकाचे समर्थनही केले: रसायनशास्त्रज्ञ मूलद्रव्यांच्या ‘आवडी’विषयी बोलतात तेव्हा कोणी हरकत घेत नाही, मग येथेच का घ्यावी? पण हरकती थांबल्या नाहीत. 1866 मध्ये वॉलेसने त्याला सुचवले की, लोक ‘निवडणाऱ्या’च्या शोधात भरकटतात, तेव्हा स्पेन्सरने 1864 मध्ये रूढ केलेला ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा प्रयोग स्वीकारावा. 1869 च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने तो स्वीकारला. एक गैरसमज घालवण्यासाठी आणलेल्या शब्दाने दुसरा, पहिल्याहून हानिकारक असा गैरसमज आणला.

‘उत्क्रांती’ या शब्दाचा प्रवास तर अधिकच विलक्षण आहे. वेदान्तात ‘उत्क्रांती’ म्हणजे जीवाचे देहातून निघून जाणे. ब्रह्मसूत्रांत तिचा विचार याच अर्थाने येतो. मरणाच्या या शब्दाला आधुनिक काळात जीवसृष्टीच्या विकासाचा अर्थ चिकटला, तो त्यातील ‘उत्’ या उपसर्गामुळे. उत् म्हणजे वर. त्यामुळे उत्क्रांती म्हणजे वर चढणे, आणि वर चढणे म्हणजे चांगले होणे, ही साखळी मराठीत जवळजवळ व्युत्पत्तीनेच सिद्ध होते. दशावतारांत मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम दाखवून डार्विनचा शोध आपल्याकडे आधीच लागला होता असे सांगणाऱ्यांना हीच शिडी दिसत असते. त्या युक्तिवादाचा येथे अधिक विचार करण्याचे कारण नाही. अवतार कशासाठी तरी होतो, एवढे म्हटले की तो संपतो.

सांख्यांशी केलेली तुलना मात्र गंभीरपणे घ्यावी अशी आहे. 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी प्रकृतीचा गुणपरिणाम आणि हेकेलप्रभृतींचा उत्क्रांतिवाद शेजारी ठेवून पाहिले. साम्य खरेच आहे: दोन्हीकडे सृष्टी घडवणारा ईश्वर नाही, दोन्हीकडे जड तत्त्वातूनच नानात्व उलगडते. परंतु ईश्वरकृष्णाने योजलेला दृष्टान्त आठवला की भेद कोठे आहे ते स्पष्ट होते. अचेतन दूध वासराच्या पोषणासाठी स्रवते, त्याप्रमाणे अचेतन प्रकृती पुरुषाच्या मोक्षासाठी प्रवृत्त होते. सांख्यांनी कर्ता काढून टाकला, प्रयोजन ठेवले. डार्विनने प्रयोजनही काढून टाकले. आधुनिक मराठी मनाला पहिली गोष्ट फारशी जड गेली नाही, कारण निरीश्वर सांख्यांची त्याला परंपरेने सवय होती. दुसरी अजून पचलेली नाही. जीवशास्त्राचा पदवीधरही ‘जिराफाची मान उंच पाला खाता यावा म्हणून लांब झाली’ असे लिहितो, आणि ते ‘म्हणून’ त्याला खटकत नाही.

हे ‘म्हणून’ काढून टाकल्यावर काय उरते, हे पाहण्यासाठी गालापागोस बेटांवर जाण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, विशेषतः पेण आणि अलिबाग तालुक्यांत धरमतर खाडीच्या आसपास, खारेपाटाची जमीन आहे. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाच्या गोड्या पाण्याने मातीतली खार धुऊन काढायची आणि तीत भात पिकवायचे, ही येथली शेती. ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधात उघाड्या ठेवलेल्या असतात. पावसाने दडी मारली की खार पुन्हा वर येते. बांधाला खांड गेली की खाडीच शेतात येते. भाताचे रोप खारीला सर्वांत हळवे असते ते कोवळेपणी आणि फुलोऱ्याच्या वेळी. मुळांवाटे शिरलेला सोडियम पानांत पोचला की रोप करपते. काही रोपांत मात्र तो बराचसा मुळाशीच अडतो, किंवा जुन्या पानांत साठून कोवळा शेंडा वाचतो. हा फरक बियाण्यात असतो आणि बियाण्याबरोबर पुढे जातो.

या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या जे भात टिकले ते ‘राता’ नावाचे, लालसर दाण्याचे. बोलताना सहज म्हटले जाते की, रात्याने खारीशी जुळवून घेतले. किंवा खार त्याच्या अंगवळणी पडली. दोन्ही वाक्प्रचार सुंदर आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. अंगवळणी पडणे हे लामार्कचे तत्त्व आहे: शरीर सवयीने बदलते आणि तो बदल संततीला मिळतो. खारेपाटात कोणत्याही एका रोपाने काहीही जुळवून घेतले नाही. ज्याला सोसली ते उभे राहिले, ज्याला सोसली नाही ते जळाले. पुढच्या वर्षी पेरायला जे बी राहिले ते उभ्या राहिलेल्यांचे. बदलले ते रोप नव्हे, शेतातल्या रोपांचे परस्परप्रमाण. भेद, आनुवंशिकता आणि असमान टिकाव ही तीनच अंगे पुरेशी आहेत. चौथे अंग, म्हणजे कोणाची तरी इच्छा, येथे लागत नाही.

शेतकरी बियाण्यासाठी भरघोस लोंब्या राखत होताच की, असा आक्षेप येथे येईल, आणि तो योग्य आहे. परंतु शेतकऱ्याचा हात पोचण्यापूर्वी खारीची चाळण फिरून गेलेली असे. शिवाय नवी जात घडवावी असा त्याचा हेतू नव्हता. त्याला पुढच्या सालचे पीक हवे होते. डार्विनने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात अशा व्यवहाराला ‘अजाण निवड’ असे म्हटले आहे आणि तिच्यावरूनच तो नैसर्गिक निवडीकडे वळतो. कृत्रिम आणि नैसर्गिक यांच्यामधली भिंत जेथे पातळ होते तेथून त्याने प्रवेश केला, ही त्याच्या विवेचनाची खुबी आहे. खारेपाटात ती भिंत म्हणजे मातीचा बांध आहे.

पुढे या रात्याच्या मिश्र वाणांतून शुद्ध वंश वेगळे काढण्यात आले. ‘काळा राता 1-24’ आणि ‘भुरा राता 4-10’ ही नावे भातसंशोधनाच्या वाङ्मयात आढळतात, आणि त्यांपैकी पहिले तर क्षारसोशिकतेच्या अभ्यासामुळे देशाबाहेरही माहीत झाले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल 1, 2, 3 हे वाण दिले. येथे योहान्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या 1903 च्या सिद्धान्ताची आठवण होते: शुद्ध वंशात निवड निष्फळ ठरते, कारण निवडायला भेदच उरलेला नसतो. निवड काहीही निर्माण करत नाही; जे आहे त्यातून गाळते. खारीने सोशिकता घडवली नाही. ती कोठल्या तरी दाण्यात, खारीची कसलीही कल्पना नसताना, योगायोगाने आलेली होती.

रात्याचा लाल रंग या संदर्भात उद्बोधक आहे. रंगामुळे खार सोसते असे समजण्याचे कारण नाही. एकाच वंशात एकत्र सापडलेले गुण एकत्र टिकतात. त्यांतला कोणता उपयोगी पडला आणि कोणता नुसता सोबत आला, हे टिकून राहिलेल्या दाण्याकडे पाहून कळत नाही. शिवाय भाताचे मूळचे वन्य रूप लालच. पांढरा दाणा हा एका जनुकातील बिघाडाचा परिणाम आहे, आणि तो माणसांच्या आवडीने जगभर पसरला. बाजारात पांढरा तांदूळ उच्च आणि लाल तांदूळ जाडाभरडा ठरला. दोन चाळण्या, दोन निकाल. त्यांतला कोणता ‘योग्यतम’?

‘फिटेस्ट’ या शब्दाने केलेला घोटाळा येथे उघड होतो. ‘योग्यतम’, ‘समर्थ’, ‘लायक’ या सर्व प्रतिशब्दांत गौरव आहे. आणि लोकव्यवहारात त्यांच्या जोडीला ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आहेच. इंग्रजी ‘फिट’चा मूळ भाव मात्र अंगरखा अंगाला बसण्याचा. त्याला मराठीत ‘बेताचा’ असा चपखल शब्द आहे: अंगरखा बेताचा बसला. गंमत अशी की, बेताची बुद्धी, बेताची परिस्थिती अशा प्रयोगांत हाच शब्द सामान्यपणाचा वाचक होतो. ‘बेताच्यांचा निभाव’ असे कोणी भाषांतर केले असते, तर सामाजिक डार्विनवादाची निम्मी ऐट तेथेच उतरली असती. ‘निभाव लागणे’ या प्रयोगात कर्ता नाही, विजय नाही, स्तुतीही नाही. ज्याचा निभाव लागला त्याचा लागला, एवढेच.

निभाव लागला म्हणून तो लागायला हवा होता, असे मात्र ठरत नाही. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी 1933 ते 1939 या काळात, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. खोती तोवर शतकानुशतके टिकून होती. टिकण्याचा अर्थ योग्यता असा घेतला, तर 1933 च्या आदल्या दिवशी खोती न्याय्य होती आणि 1949 च्या खोती निर्मूलन कायद्याने ती अयोग्य ठरली, असे म्हणावे लागेल. त्या कुळांचे म्हणणे असे नव्हते. खोती टिकलेली असतानाच ती अन्यायाची आहे, असे ते म्हणत होते. आणि हे म्हणता येण्यासाठी टिकणे आणि योग्य असणे यांत अंतर मानावे लागते. ‘आहे’वरून ‘असावे’ निघत नाही, हे ह्यूमने सांगितले. मूर यांनी 1903 मध्ये नेमके स्पेन्सरच्या नीतिशास्त्रावर बोट ठेवले. पण त्याआधीच, 1893 च्या व्याख्यानात, डार्विनचा कट्टर पाठीराखा हक्सली याने म्हटले होते की, नैतिक प्रगती विश्वप्रक्रियेचे अनुकरण करून होत नाही, तिच्याशी झुंजून होते. त्याने दृष्टान्त दिला तो कुंपण घातलेल्या बागेचा. माळ्याची नजर हटली की बाग पुन्हा रान होते.

खारेपाटातल्या शेतकऱ्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही. तरीही हक्सलीचा दृष्टान्त तेथे पुरा पडत नाही. खांड गेलेल्या बांधाची वेळीच दुरुस्ती झाली नाही की शेतात तिवर उगवते. तिवर हे या प्रक्रियेचेच अप्रतिम फलित आहे: श्वासासाठी चिखलातून वर आलेली मुळे, पानांवाटे बाहेर टाकले जाणारे मीठ. काही वर्षांत भातशेतीचे कांदळवन होते. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि 2018 च्या निकालात त्यांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. किनाऱ्याच्या रक्षणाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु ज्याच्या शेतात कांदळवन आले, त्याची जमीन कागदावर त्याची राहून हातातून गेली. अशा वेळी ‘निसर्गाने आपले परत घेतले’ हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. निसर्गाने काहीही घेतलेले नाही. 1948 आणि 1979 च्या खारभूमी कायद्यांनंतर बांध राखण्याची जबाबदारी गावाच्या श्रमाकडून मोठ्या प्रमाणावर शासनाकडे आली. कोणता बांध दुरुस्त व्हावा आणि कोणता होऊ नये, हे माणसांनी ठरवले, किंवा ठरवायचे टाळले. कांदळवन राखावे याला सबळ कारणे आहेत, शेतकऱ्याला भरपाई मिळावी यालाही आहेत. ‘निसर्गाची निवड’ हे त्यांपैकी कोणाचेच कारण होऊ शकत नाही. ते नुसते निर्णय घेणाऱ्यांना दृष्टीआड करते.

याच किनाऱ्यावर टिकण्याची आणखी एक कथा आहे आणि तिच्यात चाळणही नाही. बेने इस्राएल समाजाची आख्यायिका सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांची संतती कोकणातल्या गावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी काम बंद ठेवते म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली गेली. नवगावकर, किहीमकर, पेणकर अशी गावांची नावे त्यांची आडनावे झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचे मिश्रण आढळले. आख्यायिकेचा तपशील इतिहास आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. तिच्यातला आकृतिबंध जीवशास्त्राला परिचित आहे: मोजक्या मूळ पुरुषस्त्रियांपासून समूह वाढला की, त्यांच्या अंगी योगायोगाने जे गुण होते तेच समूहाचे लक्षण होऊन बसतात. येथे कोणीही बेताचा ठरलेला नाही. लाट कोणाला किनाऱ्याकडे ढकलते याला लायकीचा संबंध नाही. टिकून राहिलेल्या प्रत्येक गुणामागे उपयुक्तता शोधणे हा जीवशास्त्रातलाही मोह आहे. साहित्याच्या इतिहासकाराला तर तो आवरतच नाही.

मराठी समीक्षेत ‘काळाच्या कसोटीवर उतरलेली कृती’ हा शब्दप्रयोग पुराव्यासारखा वापरला जातो. ब्र्युनतिएरने 1890 मध्ये वाङ्मयप्रकारांची उत्क्रांती लिहिली; मराठीतही प्रकारांचा उदय, विकास आणि ऱ्हास सांगण्याची रीत पडली. या रीतीत एक गृहीत दडलेले आहे: जे टिकले ते श्रेष्ठ होते, जे लोपले त्यात काही उणे होते. बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांचे उदाहरण घ्यावे. त्या निरक्षर होत्या. घरातल्या माणसांनी काही रचना टिपून ठेवल्या, 1951 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सोपानदेवांनी त्या अत्र्यांना दाखवल्या, आणि 1952 मध्ये पुस्तक निघाले. या साखळीतला एक दुवा निसटता तर काळाच्या कसोटीला बसायला तेथे कविताच नसती. आणि ती कविता आज आहे तेवढीच चांगली असती. परंपरेनुसार ‘लीळाचरित्र’ धामधुमीत गहाळ झाले आणि अनुयायांनी स्मरणातून पुन्हा जुळवले. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ. पुढे महानुभाव वाङ्मय सांकेतिक लिप्यांत राहिले. ज्या लिपीने ते जपले तिनेच ते विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या वाचकापासून दूर ठेवले.

तथापि साहित्याला जीवसृष्टीचा नमुना जसाच्या तसा लावणेही बरोबर नाही, आणि प्रस्तुत प्रश्नाची खरी गाठ येथे आहे. जीवसृष्टीत निवडणारा नसताना ‘निवड’ या शब्दाने एक निवडणारा कल्पिला. साहित्यात निवडणारे प्रत्यक्ष आहेत: प्रकाशक, संपादक, अभ्यासमंडळे, संकलनकार, पुरस्कार समित्या, ग्रंथालयांच्या याद्या करणारे. तेथे ‘काळ’ या शब्दाने त्या सर्वांना नाहीसे केले. पहिल्या ठिकाणी नसलेल्याला कर्तृत्व दिले गेले, दुसऱ्या ठिकाणी असलेल्यांचे काढून घेतले गेले. ज्यांनी निवड केली त्यांना तिची कारणे विचारता येतात. काळाला विचारता येत नाहीत. काळाची साक्ष काढणारा समीक्षक स्वतःच्या आणि पूर्वसूरींच्या निर्णयांना प्रश्नाच्या कक्षेबाहेर ठेवत असतो, बहुधा नकळत. पण अजाण निवडीनेही वाण बदलतात, हे राता सांगतोच.

यावर असे म्हटले जाईल की, टिकणे हे मूल्याचे लक्षण नाही असे मानले तर मूल्याला आधारच उरत नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. टिकाव हा मूल्याचा पुरावा नाही, एवढेच येथे म्हटले आहे. मूल्य नाही असे नाही. खारीत राता का उभा राहिला हे रोप तपासून सांगावे लागते, तसेच कृती वाचून तिच्याविषयी बोलावे लागते. फार तर असे म्हणता येईल की, अनेक पिढ्यांच्या भिन्न रुचींतून गेलेल्या कृतीत काही असण्याचा संभव अधिक. मात्र त्या रुची खरेच भिन्न होत्या की एकाच अभ्यासक्रमाने घडवलेल्या होत्या, याची चौकशी आधी व्हायला हवी. आणि लोपलेल्या कृतींची तर तपासणीच झालेली नसते. त्यांच्याविषयीचा निकाल गैरहजेरीत लागलेला असतो.

बेने इस्राएलांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठीत कीर्तने रचली. आख्याने बायबलातली, घाट मराठी हरिकीर्तनाचा. 1948 नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला आणि कीर्तनाचा श्रोताच किनाऱ्यावरून उठून गेला. रचनेत काही उणे होते म्हणून हा प्रकार मागे पडला, असे म्हणायला कसलाही आधार नाही. मराठी वाङ्मयेतिहासांनी त्याच्यासाठी फारशी जागा ठेवली नाही, हे मात्र दिसते. याच समाजातल्या हाईम सॅम्युएल किहीमकरांनी आपल्या लोकांचा इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. मधली चाळीस वर्षे ते हस्तलिखित कसोटीवर नव्हते. कोणीतरी ते ठेवून दिले होते.